गवत कुणाच्या तक्त्यात?

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मला अजूनही 'जनगणनावाल्या बाई' म्हणतात. मी आयुष्यात जनगणनेचं काम केलेलं नाही. पण सरकारी नोकरी आणि आकडे म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक जनगणना आणि दुसरी महागाई. कांद्याचे भाव चढले की तळमजल्यावरचे जोशी मला जिन्यात अडवतात आणि विचारतात, "काय हो, तुमच्या निर्देशांकातली माणसं कांदा खात नाहीत का?" मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली आहेत हे त्यांना मान्य नाही. संपादकांनी दिवाळी अंकासाठी लिहायला सांगितलं तेव्हा पहिला विचार आला तो हा की निदान जोशींना तरी एकदा नीट सांगून टाकावं.

मी राज्य सरकारच्या सांख्यिकी खात्यात होते. मूळची वर्ध्याची, नोकरीच्या निमित्ताने पुण्याला आले आणि इथलीच झाले. आमच्या शाखेचं काम होतं जिल्ह्याचं उत्पन्न काढायचं. म्हणजे वर्षभरात जिल्ह्यात जे जे तयार झालं आणि ज्याला मोल मिळालं, त्या सगळ्याची बेरीज. शेतातला ऊस, कारखान्यातले सुटे भाग, डॉक्टरची फी, रिक्षाचं भाडं, सगळं त्यात येतं. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की कळतं, की खरं काम बेरजेचं नाही, काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवण्याचं आहे.

त्याचे मुख्य नियम दोन. पहिला असा की ज्याला बाजारात मोल आहे ते धरायचं. आईने घरी केलेली पोळी धरायची नाही, खानावळीतली धरायची. दुसरा नियम त्याहून कडक. कुठलीही गोष्ट दोनदा धरायची नाही. बेकरीतल्या पावाची किंमत घेतली, तर त्याच्या पोटातलं पीठ वेगळं मोजायचं नाही, ते पावाच्या किमतीत आलेलंच असतं. याला आम्ही दुहेरी मोजणी म्हणायचो, आणि आमच्या खात्यात ते महापाप होतं. लाच घेतलेला माणूस चौकशीतून सुटून पुन्हा टेबलावर आलेला मी पाहिला आहे. दुहेरी मोजणी केलेल्याचं नाव मात्र तो बदलून गेल्यावरही घेतलं जायचं.

या दोन नियमांचा मिळून काय गमतीशीर परिणाम होतो ते मला टँकरने शिकवलं. संगणकवाल्या कंपन्या शहराच्या पश्चिमेला यायला लागल्या त्या काळातली गोष्ट. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये आधी विहिरी होत्या. बायका पाणी शेंदायच्या, त्याला मोल नव्हतं, म्हणून ते आमच्या बेरजेत शून्य. मग इमारती आल्या, कूपनलिका खोल गेल्या, विहिरी आटल्या आणि टँकर सुरू झाले. टँकरचा धंदा जोरात चालला, ड्रायव्हरला पगार मिळाला, डिझेल खपलं. त्या वर्षी त्या भागातलं उत्पन्न वाढलं. मी तो आकडा आमच्या लेले साहेबांपुढे ठेवला आणि म्हटलं, "साहेब, विहीर आटली आणि आपण प्रगती दाखवतोय."

लेले साहेब पेठेतले. चेहऱ्यावरची रेषही न हलवता बोलायचे. म्हणाले, "मग उद्या नदीही आटू दे. राज्यात पहिला नंबर येईल."

आकडे कुठून येतात तेही सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आकडे माणसांकडून येतात, आणि माणसं खोटं बोलतात. वाईट असतात म्हणून बोलत नाहीत, घाबरतात म्हणून बोलतात. कर लागेल असं वाटलं की कमी सांगतात, काही मिळेल असं वाटलं की जास्त. नोकरीच्या सुरुवातीला मी मंडईत भाव नोंदवायला जायचे. ठरलेल्या वाराला, ठरलेल्या गाळ्यावर, ठरलेल्या प्रतीची वांगी. घ्यायची नाहीत, फक्त भाव विचारायचा. तिथल्या एक भाजीवाल्या मावशी दर वेळी म्हणायच्या, "घ्यायची न्हाईत तर हात कशाला लावता?" शेवटी मी पदरच्या पैशाने पावशेर वांगी घ्यायला लागले आणि तेव्हापासून मला खरा भाव कळायला लागला. घरी नवरा विचारायचा, याच वाराला वांगी का असतात.

माणसाने खरं बोलावं म्हणून आमच्याकडे एकच हत्यार होतं, ते म्हणजे एक वाक्य. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी ते घोकून घेतात आणि मीही पुढे नव्या मुलामुलींकडून घोकून घेतलं. कुठल्याही दारात उभं राहिलं की आधी ते म्हणायचं: "काळजी करू नका, तुमचं नाव कुठंही येणार नाही." भरलेला कागद कार्यालयात आला की नाव बाजूला पडतं, उरतो तो आकडा. पोलिसांनी मागितलं तरी नाव द्यायचं नाही, कर खात्याने मागितलं तरी नाही. मला या वाक्याचा फार अभिमान होता. सरकार माणसाला शब्द देतं आणि तो पाळतं, असं दुसरं ठिकाण मला माहीत नव्हतं.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येते. एका वर्षी वरून हुकूम आला की काही निवडक जिल्ह्यांमध्ये निसर्गाचेही हिशेब करून पाहायचे. त्यात दोन प्रकार होते. एकात वस्तू मोजायच्या: जमिनीखालचं पाणी किती, लाकूड किती, खाणीतला दगड किती, यंदा त्यातलं किती उपसलं आणि किती उरलं. याला पर्यावरणाचे लेखे म्हणायचे. दुसऱ्यात वस्तू नाही, जागा मोजायची: ही टेकडी, हा ओढा, हे कुरण. जागा किती आहे, तिची तब्येत कशी आहे, ती काय देते आणि ते कोण घेतं. हे परिसंस्थेचे लेखे. आणि दोन्ही एकत्र जोडून ती जोडणी जिल्ह्याच्या उत्पन्नाला लावायची. बिनमोलाची विहीर अखेर आमच्या कागदावर येणार होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी सकाळी ऑफिसला लवकर पोचायला लागले.

नमुन्यासाठी आम्ही पश्चिमेकडचं एक गाव घेतलं. त्याचं नाव लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, आता तिथल्या इमारतींची नावं इटालियन आहेत. गावाला टेकडीच्या उतरणीवर मोठं गायरान होतं, म्हणजे गावच्या गुराढोरांसाठी राखलेली सरकारी चराऊ जमीन, आणि तिच्या कडेने एक ओढा. कामाची वाटणी झाली. कुंटेबाईंकडे शेती, सोनवण्यांकडे दूधदुभतं, वन आणि पाणी इतरांकडे, आणि सगळ्यांचे तक्ते जोडायचं काम माझ्याकडे.

सगळे तक्ते आले. मी जोडले. गायरानाच्या ओळीत जागा भरलेली होती, तब्येत भरलेली होती, आणि 'काय देते' या रकान्यात शून्य.

मला वाटलं टंकनाची चूक असेल. कुंटेबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "अहो, ते गवत कोणी विकत नाही. म्हशी खातात. ते दुधात येणार. मी धरलं तर दुहेरी मोजणी होईल." सोनवण्यांकडे गेले. ते म्हणाले, "मी दूध धरतो मॅडम, पण त्यातून चाऱ्याची किंमत वजा करून. चारा हा शेतीचा माल, तो बाईंच्या तक्त्यात असणार." मी विचारलं, कुठला चारा वजा केला? म्हणाले, विकत घेतलेला, पेंड आणि कडबा. गायरानातल्या गवताची पावती कुठे असते? वनवाल्यांनी कळवलं, झाडं नाहीत, म्हणजे वन नाही. पाणीवाले म्हणाले, गायरानात पाऊस मुरतो खरा, पण तो खाली विहिरीत निघतो आणि तिथे आम्ही धरलाच आहे.

प्रत्येकाचं म्हणणं नियमाला धरून होतं. घरात प्रत्येकीला वाटतं दुसरीने विरजण लावलं असेल, आणि सकाळी दही कुणाचंच नसतं, तशातली गत. दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून सगळ्यांनी इतकी काळजी घेतली होती की गवत एकदाही मोजलं गेलं नव्हतं. असली चूक फक्त आमच्या खात्यातले हुशार लोकच करू शकतात.

लेले साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "दोनदा मोजलं तर फाशी, एकदाही नाही मोजलं तर बढती. आपल्याकडे कधी कुणी गवतासाठी जोखीम घेतली आहे का?" मग चष्मा काढून म्हणाले, "आपण जा आणि मोजून आणा. आणि जरा घाई करा. त्या जमिनीची फाईल हलायला लागली आहे."

फाईल अशी होती की एका कंपनीला आवारासाठी जागा हवी होती आणि तिची नजर त्या गायरानावर होती. प्रस्तावात गायरानाचं वर्णन 'अनुत्पादक पडीक जमीन' असं होतं. निर्णय घेणाऱ्या समितीने आमच्याकडून त्या जमिनीच्या उत्पादनाचा अंदाज मागवला होता. आमच्या तक्त्यात शून्य राहिलं असतं, तर तो 'अनुत्पादक' शब्द आम्हीच सही करून खरा केला असता.

गायरानावर अवलंबून असलेली गवळ्यांची चार-पाच घरं होती. त्यातले मारुतीअण्णा (नावं अर्थातच बदलली आहेत) जाणते, साठीच्या आसपासचे. पहाटे धार काढून दूध कोथरूडपर्यंत रतिबाला घालायचे. मी गेले तेव्हा ते गोठ्यापुढे बसले होते आणि त्यांची बायको गंगूबाई शेण काढत होती. मी माझं वाक्य म्हटलं.

"नाव कुठं येणार न्हाई ना?" त्यांनी उलटून विचारलं. "नक्की?"

"नक्की. कुठंही नाही."

"मग लिवा. म्हशी चार."

गोठ्यात मला बरेच खुंटे दिसत होते. आमच्या धंद्यातली ही जुनी युक्ती आहे, म्हशी रानात असतात, पण खुंटे घरी असतात. मी म्हटलं, "अण्णा, खुंटे तर दहाच्या वर दिसतात."

"पावन्यांच्या म्हशी येत्यात कवा कवा."

"पाव्हण्यांच्या म्हशी मुक्कामाला?"

गंगूबाई शेणाची पाटी खाली ठेवून हसायला लागल्या. "सांगा की खरं. बाई खुंटं मोजून बसल्यात, त्यांना काय फसवताय."

मग खरं कळलं. गाव महापालिकेच्या हद्दीत जाणार अशी हवा होती. हद्दीत गेलं की गोठे हलवायची नोटीस येणार, अशी त्यांना भीती होती. ज्याच्या नावावर जास्त म्हशी, त्याला आधी नोटीस, असा त्यांचा हिशेब. म्हणून नाव नको आणि आकडाही नको. मी पुन्हा शब्द दिला, तेव्हा कुठे म्हशी चाराच्या अकरा झाल्या. त्यातही एक आटलेली म्हैस त्यांनी आधी सांगितली नव्हती आणि मग आपणहून सांगितली. मला ते फार आवडलं.

गवत मोजायची रीत साधी आहे. गायरानात जागोजागी दोरीने लहान चौकोन आखायचे, त्यातलं गवत विळ्याने कापायचं, ओलं तोलायचं, वाळवून परत तोलायचं. हंगाम बदलला की पुन्हा. अण्णा आमच्याबरोबर हिंडायचे आणि सल्ले द्यायचे, त्यातले बरेच चुकीचे असायचे. चांगलं गवत असेल तिथेच चौकोन आखा म्हणायचे, म्हणजे गायरानाची शोभा होईल. मी म्हणायचे, अण्णा, शोभेचं काम नाही, दगडातही आखावा लागतो. त्यांना ते पटलं नाही. "मुलगी दाखवताना फाटकं लुगडं नेसवतं का कोन?" असं म्हणून ते बांधावर जाऊन बसायचे.

सगळं जमवून मी ओळ भरली. गवत, त्यातून होणारं दूध, खालच्या विहिरींना पुरवलं जाणारं पाणी. दुहेरी मोजणी होऊ नये म्हणून तेवढा भाग दुधातून आणि विहिरीतून वजा करून गायरानाकडे वळवला. म्हणजे बेरीज तीच राहिली, पण त्यातलं किती श्रेय कुणाचं ते दिसायला लागलं. शेवटचा रकाना होता 'वापरणारे'. तिथे नियमाप्रमाणे मी लिहिलं: कुटुंबे.

लेले साहेबांनी तक्ता दोनदा वाचला. सही करताना म्हणाले, "बरा झाला आहे." त्यांच्या तोंडून बरा म्हणजे काय हे ज्यांनी त्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनाच कळेल. मी त्या संध्याकाळी घरी श्रीखंड नेलं. मला खरोखर वाटत होतं की ते गायरान आता वाचलं.

समितीची बैठक झाली तेव्हा तक्ता समजावायला मला बोलावलं होतं. अध्यक्षस्थानी एक तरुण अधिकारी होते. हुशार, सभ्य, सगळा तक्ता वाचून आलेले, आणि आधीच्या लोकांसारखे 'हे काय नवीन' म्हणणारे नव्हते. त्यांनी मला नीट प्रश्न विचारले. मग म्हणाले, "मॅडम, काम उत्तम आहे. या जमिनीला अनुत्पादक म्हणता येणार नाही, हे मान्य. तो शब्द काढू. म्हणजे हिचं मोल कंपनीकडून भरून घ्यायला हवं. तुमचा आकडा आहेच. ते कुणाला द्यायचं?"

मी म्हटलं, "वापरणाऱ्या कुटुंबांना."

"कोणती कुटुंबं?"

माझ्या कपाटात भरलेले कागद होते. त्यावर नावं होती, खुंटे होते, आटलेली म्हैससुद्धा होती.

"नावं देता येत नाहीत, सर. आमच्याकडची माहिती गोपनीय असते."

त्यांनी तलाठ्यांकडे पाहिलं. तलाठी म्हणाले, गायरान सरकारी आहे, कुणाचा हक्क नोंदलेला नाही, आजवर कुणाचा अर्जही आलेला नाही. ते खरंच होतं. शेकडो वर्षं म्हशी चरतात म्हणून कुणी अर्ज करत नाही.

तो तरुण अधिकारी भला माणूस होता. पुढच्या बैठकीपर्यंत थांबू म्हणाला. ज्यांची गुरं तिथे चरतात त्यांनी स्वतः येऊन नाव आणि गुरांची संख्या नोंदवावी. हक्क दिसला तर कदाचित जागाच बदलता येईल, नाहीतर निदान भरपाई देता येईल. याहून जास्त तो काय करणार होता?

मी दुसऱ्या दिवशी गावात गेले. कागद दाखवायचे नव्हते, पण माणसाला अर्ज करा म्हणून सांगायला कुठल्या नियमाची आडकाठी नव्हती. अण्णांना सगळं सांगितलं.

"म्हंजे नाव द्यायचं. आणि म्हशी बी लिवायच्या."

"हो. खऱ्या."

"आन तो कागद म्हापालिकेकडं न्हाई जायचा?"

"ते मी सांगू शकत नाही, अण्णा. तो कागद आमच्या खात्याचा नसेल."

गंगूबाई आतून बाहेर आल्या. म्हणाल्या, "द्या की नाव. रान गेलं तर गोठा घेऊन काय चाटायचाय?"

"आन गोठा गेला तर रान घेऊन?" अण्णा म्हणाले. "रान जाईल तवा जाईल. नोटीस उद्या यील." मग माझ्याकडे वळून, अगदी समजुतीने म्हणाले, "तुमच्या कागदात हाय नव्हं समदं? तुमी सरकारी मानूस. तुमचंच चालू द्या. नाव नगं."

मी परत परत सांगून पाहिलं की आमच्या कागदातून नाव बाहेर येत नाही. त्यांना ते ठाऊक होतं. त्याच अटीवर तर त्यांनी मला खरं सांगितलं होतं. निघताना त्यांनी नेहमीप्रमाणे तांब्याभर दूध पुढे केलं आणि मी नेहमीप्रमाणे घेतलं.

परत आल्यावर लेले साहेबांना विचारलं, एकदाच, या एका प्रकरणात, नावं देता येणार नाहीत का? ते रागावले नाहीत. म्हणाले, "एकदा दिलंत तर पुढे मंडईतली बाई तरी आपल्याला खरा भाव सांगेल का?" त्या वेळी त्यांचा राग आला होता. आज मी त्यांच्या खुर्चीत असते तर तेच बोलले असते, हेही माहीत आहे.

पुढच्या बैठकीपर्यंत एकही नाव आलं नाही. जमीन गेली. आमच्या तक्त्यातली रक्कम कंपनीने विनातक्रार भरली आणि ती तिजोरीत जमा झाली, कारण घेणारं कुणी नव्हतं. पूर्वी थोडीफार कुरकुर तरी होती, गावच्या जमिनीचं काय म्हणून. मोल भरलं गेल्यावर तीही थांबली. लेले साहेब म्हणाले, "शून्य ठेवलं असतं तर फुकट गेलं असतं. आकडा घातला तर विकत गेलं. जायचं होतं ते गेलं." त्यानंतर काही दिवस ते माझ्याशी फारसे बोलले नाहीत, आणि माझ्या वार्षिक अहवालात मात्र त्यांनी चांगला शेरा लिहिला.

ओढ्याकाठची एक पट्टी हिरवळ म्हणून राखली गेली. तिथे बाहेरून आणलेलं गवत लावलं आहे, चालायला फरशीची वाट आहे आणि 'गवतावर चालू नये' अशी पाटी आहे. त्या गवताला कापायला आणि पाणी घालायला ठेकेदार आहे. ते आता जिल्ह्याच्या उत्पन्नात धरतात. धरायलाच हवं, त्याला मोल आहे.

आमचा जोडलेला तक्ता कामाचा ठरला. त्याच्या नकला दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्या, नव्या मुलामुलींना शिकवायला मीच जायचे. लॅपटॉप घेऊन आलेली मुलं, "मॅडम, सिंपल आहे, सॅटेलाइटवरून होऊन जाईल" म्हणायची. जागा होते सॅटेलाइटवरून, तब्येतही होते. मी त्यांना शेवटच्या रकान्याबद्दल जास्त वेळ सांगायचे. 'कुटुंबे' लिहून पुढे जाऊ नका, किती, कशा प्रकारची, त्यांच्याकडे दुसरं काय आहे, निदान एवढं तरी तळटीपेत लिहा. नाव न घेता माणूस जितका दाखवता येईल तितका दाखवा. काही जण लिहायचे. बाकीचे विचारायचे, मॅडम, तळटीप कोण वाचतं?

निवृत्तीनंतरची गोष्ट. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू आणायला मार्केट यार्डात गेले होते. पलीकडच्या रस्त्यावर एका टेम्पोत पेंडीची पोती चढत होती आणि शेजारी मारुतीअण्णा उभे होते. वाळले होते, पण ओळखता येत होते. मी हाक मारली. त्यांना माझं नाव आठवलं नाही, पण 'खुंटंवाल्या बाई' म्हणून त्यांनी मला लगेच ओळखलं.

गोठा त्यांनी दूर मुळशीच्या वाटेला हलवला होता. नोटीस यायच्या आधीच, स्वतःहून. म्हशी अर्ध्या विकल्या होत्या. गंगूबाई गुडघ्यांनी घरी बसल्या होत्या. आता चारा सगळा विकत, पेंड विकत, कडबा विकत, पाणी टँकरचं. "पावती मिळती समद्याची," ते म्हणाले, आणि खिशातून खरोखर एक पावती काढून दाखवली. मी ती पाहिली. इतक्या वर्षांनी त्यांचा चारा आमच्या तक्त्यात कुठलीही अडचण न येता बसत होता, आणि तो कुणाच्या तक्त्यात घालायचा यावर कुणीही वाद घातला नसता.

मी म्हटलं, "अण्णा, त्या वेळी काही करता आलं नाही."

"न्हाई, न्हाई," ते घाईने म्हणाले, मला वाईट वाटू नये म्हणून. "आमचं आमी ठरवलं व्हतं. तुमचा काय दोष. एक सांगतो बाई, सरकारी मानूस शब्द पाळतो हे आमी तवा बघितलं. नाव कुठं कुठं म्हून आलं न्हाई."

पुण्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला टोमणा कुठून येतोय ते आधीच कळतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. ते मनापासून बोलत होते. टोमणा असता तर फार बरं झालं असतं.